तीन सऱ्या नदीच्या

पंचगंगेचं पाणी चढताना आवाज करत नाही. सकाळी ते पांदीत असतं, दुपारी उंबऱ्याला लागतं आणि मधल्या वेळात आपण पोत्यातली जोंधळ्याची रास माळ्यावर चढवत असतो. आवाज येतो तो पाणी उतरताना. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरला, पाहुण्यांकडून आम्ही गावात परतलो. त्या पहिल्या रात्री लाईट नव्हती, भिंतीला कमरेपर्यंत चिखलाची रेघ होती आणि नदीकडून थोड्या थोड्या वेळानं 'धप्प' असा आवाज येत होता. मला वाटलं, कुणाच्या तरी घराची भिंत पडतेय. आत्ती अंधारातच म्हणाल्या, "भिंत न्हवं ती. काठ पडाय लागलाय. झोप."

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्ती आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. मी शहरात, रंकाळ्याजवळ वाढले. नदी माझ्यासाठी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांपुरती होती. लग्न करून या गावात आले तेव्हा नदीचा काठ दगडाचा नसतो, मातीचा असतो, हेसुद्धा मला नव्यानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळीत गेलो. नदीकाठच्या गाळाच्या रानाला मळी म्हणतात. आमची मळी लहान आहे, नदीच्या अंगाला साधारण दोनशे फूट. ऊस आडवा पडलेला, पानापानावर राखाडी गाळ वाळून तडकलेला. शेवटच्या सरीतला ऊस तर अर्धा अधांतरी होता. त्याच्या मुळ्या काठाबाहेर लोंबत होत्या, जेमतेम हातभर लांब. त्या मुळ्यांखाली आठ-दहा फुटांची उभी काळी माती, ओली, चाकूनं कापल्यासारखी. कुठं मुळी नाही, झुडूप नाही, काही नाही. मी कडेला जाऊन वाकून बघायला लागले तसं मामांनी माझा दंड धरून मागं ओढलं.

काठ पाणी उतरतानाच का पडतो, हे मला पुढं बऱ्याच वाचनानंतर समजलं. पूर असतो तोवर नदीचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. दरम्यान माती आतपर्यंत पाणी पिऊन जड झालेली असते. नदी भराभर खाली जाते, टेकू निघतो, पण मातीतलं पाणी तितक्या वेगानं बाहेर पडत नाही. आपल्याच वजनानं मग काठ खाली बसतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी, तिच्यातून निचरा सावकाश. अशा वेळी तिला बांधून ठेवायला खोल मुळ्या असतील तर ती तग धरते. उसाची बहुतेक मुळी वरच्या दोनेक फुटांत पसरते. दहा फुटांचा काठ ती काय धरणार?

आणि उसाखेरीज काठावर होतं काय? म्हशींची वाट.

आता हे लिहिताना हात जरा अडखळतो, कारण म्हशीबद्दल वाईट बोललेलं कोल्हापुरात कुणाला आवडणार नाही. मलाही नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दिलेल्या दुधाचा फेस ओठावर घेऊन आम्ही मोठे झालो. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशी मिरवणारं हे गाव आहे. आमच्या घरी तेव्हा चार म्हशी होत्या. त्यातली चांदी पंढरपुरी. कपाळावर पांढरा टिक्का, शिंगं मागं तलवारीसारखी खांद्यापर्यंत गेलेली. आत्तींनी ती रेडी असल्यापासून वाढवली. रोज दुपारी मामा चौघींना सोडायचे. गावातली आणखी तीस-चाळीस म्हसरं आणि शेरडं त्यात मिसळायची आणि सगळा कळप आमच्या आणि शेजारच्या मळीतून जिथून वाट मिळेल तिथून नदीत उतरायचा.

एकदा मी खाली उभी राहून हे उतरणं नीट बघितलं. चांदी कडेला आली, पुढचे पाय टाकले. ओल्या मातीत खूर घोट्याच्याही वर रुतला. तिनं अंग पुढं लोटलं तसा खुराखालचा ढेकूळ सुटला आणि ती ढेकळासकट हातभर घसरत खाली गेली. मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी. पाचेकशे किलोचं जनावर आणि टेकायला चार खूर. वीस म्हशी उतरल्यावर तिथं काठ उरला नव्हता, चिखलाची घसरण झाली होती. बाजूला हिरवं फुटलेलं जे काही होतं ते शेरडांनी जाता जाता खुडलं. जिथं खूर पडून माती घट्ट दबली होती तिथं बी रुजायची शक्यताच नव्हती. दोन्ही बाजूंनी घडत होतं. ओल्या दिवसांत माती सुटत होती आणि कोरड्या दिवसांत दगडासारखी होत होती.

2020 च्या पावसाळ्यात मी रोपवाटिकेतून चाळीस रोपं आणली. आंबा, फणस, वड, थोडं चिंच, जे मिळालं ते. काठानं लावली, आळी केली. दिवाळीपर्यंत त्यातली सात राहिली. बाकीची म्हशींच्या पायाखाली नाहीतर शेरडांच्या पोटात. ती सात 2021 च्या जुलैच्या पुरात आठवडाभर पाण्याखाली राहून कुजली. त्या दोन पुरांनी मिळून आमची दीड सरी नेली. सातबाऱ्यावर ती अजून आमचीच आहे.

तेव्हा मी कुंपणाचा विषय काढला.

मामांचा विरोध उसापायी होता. आमच्याकडं साडेचार फुटी सरी. मी म्हणत होते काठापासून तीन सऱ्या सोडू, म्हणजे साडेतेरा फुटांची पट्टी. दोनशे फूट लांबीला धरलं तर अडीच गुंठे रान, अडीच-तीन टन ऊस दरवर्षी जाणार. छोट्या शेतकऱ्याला हा आकडा लहान नाही आणि तो लहान आहे असं सांगणारा कधी बिल घ्यायला कारखान्यावर गेला नसावा. मामा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "दीड सरी तिनं न विचारता नेली. तीन दिल्या तर बाकीच्या ठेवंल व्हय?" मी म्हटलं, "ठेवेल असं नाही म्हणत, मामा. पण आत्तासारखं नेणार नाही." त्यांनी ताटावर हात धुतला. तोच होकार.

आत्तींचा विरोध वेगळा होता आणि जास्त खरा होता. "म्हशीला पाण्यात बसू देणार न्हाईस व्हय?"

म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीच्या मानानं फार कमी असतात. अंग काळं, केस विरळ. उन्हाळ्यात तिला अंगातली उष्णता बाहेर टाकायला पाण्यात किंवा चिखलात बसावंच लागतं. ती तिची हौस नाही. उष्णतेनं म्हैस दूध चोरते, माजावर आली तरी माज दाखवत नाही. हे मी पुस्तकातून सांगायच्या आधीच आत्तींनी मला सांगितलं होतं, त्यांच्या शब्दांत. नदीकाठ वाचवायचा म्हणून म्हशीला तापत ठेवणं हा अन्यायच झाला असता. तेव्हा ठरलं असं, की म्हशी नदीत जातील, पण एकाच वाटेनं.

पट्टीच्या खालच्या अंगाला, जिथं काठ आधीच मोडला होता, तिथं आठ फूट रुंदीचा उतार काढला. नाक्यावरून पडक्या घराचे दगड आणले, खाली मोठे, वर मुरूम, मध्ये म्हशीच्या पायाला धर मिळावा म्हणून आडवे दगड. वर बांबूचं कवाड. दुपारी कवाड उघडायचं, चार वाजता म्हशी वर आणून लावायचं. उरलेल्या काठाला कुंपण. आणि प्यायच्या पाण्यासाठी वर रानातच हौद, मोटारीच्या पाण्यावर भरणारा. दुभती म्हैस दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते.

या हौदाचा फायदा आम्हाला आधी लक्षातच आला नव्हता. दूध संस्थेत येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी तो समजावला. काठाच्या उथळ, तुंबलेल्या पाण्यात बारक्या गोगलगायी असतात. यकृतातल्या चपट्या जंताची पिलं त्या गोगलगायीत वाढतात आणि मग बाहेर पडून पाण्याकडेच्या गवताला चिकटून बसतात. म्हैस ते गवत खाते, जंत तिच्या यकृतात जातो. जनावर वाळतं, हगवण लागते, जबड्याखाली पाण्याची गाठ लोंबते. चांदीची ती गाठ आम्ही दोन पावसाळे बघितली होती आणि दरवेळी औषध पाजून विषय संपला असं समजलो होतो. काठाचं गवत तोंडाला लागेना आणि प्यायला हौदाचं पाणी मिळू लागलं, तसं ते थांबलं. चिखलात कास बुडवून उभं राहणं कमी झालं तशी दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजारही कमी झाला. नदीसाठी म्हणून घातलेलं कुंपण गोठ्यात उपयोगी पडलं, याचा आनंद मामांना झाडांपेक्षा जास्त झाला आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण पहिलं कुंपण फसलं. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही सिमेंटचे खांब रोवून चार पदरी काटेरी तार ओढली. पैसे बरेच गेले. त्या पावसाळ्यात पूर मोठा म्हणावा तसा आलाही नाही, पण मळीवर पाणी यायला मोठा पूर लागत नाही. केंदाळ म्हणजे जलपर्णी, उसाचा पाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा, वरून वाहत येणारं सगळं त्या तारेला अडकत गेलं. कुंपणाची भिंत झाली. भिंतीला पाण्याचा रेटा बसला, खांब उपसले आणि प्रत्येक खांबानं आपल्याबरोबर पाटीभर नव्हे, गाडीभर माती नेली. पाणी उतरल्यावर मी तिथं उभी राहिले तेव्हा मला रडू आवरेना. काठ वाचवायला गेलेलं माझं कुंपण काठ घेऊन गेलं होतं.

आत्ती शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नदीच्या खालच्या अंगाला बोट केलं. तिकडं बंधारा आहे. "तुझ्या कुंपणापरीस त्यो बंधारा शाणा. पावसाळ्याला बर्गे काढून बाजूला हुतोय."

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आम्ही लहानपणापासून बघतो, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बर्गे घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून ठेवायचे आणि पुराला मोकळी वाट द्यायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत ही नदी असे किती बंधारे ओलांडत जाते. महाराष्ट्रभर हे बंधारे आपल्या गावाच्या नावानं ओळखले जातात. सह्याद्रीच्या पावसापुढं छाती काढून उभं राहायचं नाही, बाजूला सरून पुन्हा जागेवर यायचं, हे इथल्या माणसानं दगडात बांधून ठेवलेलं आहे आणि मी मात्र सिमेंटचे खांब आणले होते.

त्या हिवाळ्यात कुंपण नव्यानं घातलं. साध्या दोन तारा, काटे नाहीत. खांबाला आकडे, आकड्यांत तार अडकवलेली. बंधाऱ्याचे बर्गे निघाले की आम्हीही तारा सोडतो, गुंडाळी करून गोठ्याच्या माळ्यावर टाकतो. पावसाळ्यात तशीही म्हशी गोठ्यात बांधूनच असतात, वैरण आत मिळते. नदी खाली बसली, वाफसा आला की तारा परत. सौर झटका मशीन लावावं असं माझ्या नवऱ्याच्या मनात होतं. आत्तींनी साफ नाही म्हटलं, कारण उन्हाळ्यात गावातली पोरं तिथं पोहतात.

खांबांसाठी सिमेंट पुन्हा आणणं परवडणारं नव्हतं. नवऱ्याच्या ओळखीचा एक गडी राधानगरीकडचा. त्यानं भोगावतीच्या वरच्या अंगानं वाळुंजाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून आणल्या. वाळुंज हे ओढ्याकाठचं झाड, पानं अरुंद, लांब, उलटून बघितली तर पांढुरकी. आम्ही त्या फांद्या नुसत्या खांब म्हणून दोन-दोन हात खोल ठोकल्या. फेब्रुवारीच्या शेवटी मी तारा ताणल्यात का बघत फिरत होते. एका खांबाला आकड्याच्या खाली लालसर ठिपका दिसला. मला वाटलं किडा. नखानं हलवून बघितला. कोंब होता. पुढच्या खांबाला दोन, त्याच्या पुढच्याला चार. मी तिथून घराकडं पळत गेले, तारेची पक्कड हातातच होती.

तेव्हापासून झाडांबद्दल मी विचारूनच पुढं जाते. आंबा-फणस पुन्हा आणला नाही, त्यांना पाण्यात उभं राहायची सवय नाही. काठाच्या अगदी पायथ्याला वाळा लावला. त्याची मुळी सरळ खाली जाते, सहा-सात फुटांच्याही पुढं, आणि झुडपी गवत असल्यानं पाणी वरून गेलं तरी ते झोपतं आणि परत उठतं. मधल्या उतारावर निर्गुडी, कारण तिच्या वासानं शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत. वर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. दोन्ही टोकांना बांबूची बेटं. करंज आम्ही सहा लावले होते, आता अकरा आहेत. त्याच्या शेंगा पाण्यावर तरंगतात. वरच्या गावांकडून वाहत आल्या, वाळ्यात अडकल्या आणि रुजल्या. कुंपण नसतं तर त्या पूर्वीही येतच असणार. त्यांना इतकी वर्षं कुणी दोन पानांच्या पुढं जाऊच दिलं नव्हतं.

2024 च्या जुलैत राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्यावरून 43 फुटांच्या धोक्यावर गेली आणि आम्ही पुन्हा म्हशी घेऊन पाहुण्यांकडं निघालो. परतल्यावर पहिल्या रात्री मी जागीच होते. आवाज आले. शेजारच्या उघड्या काठाकडून आले, आमच्या वरच्या टोकाकडूनही दोन वेळा आले. पट्टीच्या मधल्या भागातून सकाळपर्यंत एकही आला नाही. सकाळी बघितलं तर वाळा आडवा झोपलेला, वाळुंजांच्या फांद्यांत शेवाळ आणि पिशव्या लोंबत होत्या, आणि त्यांच्या बुंध्याशी वीतभर नवा गाळ बसला होता. नदीनं त्या जागी माती नेली नव्हती, आणून टाकली होती. वरच्या टोकाला मात्र दोन करंज आणि बांबूचं एक बेट गेलं. तिथं वळणाचा सगळा जोर बसतो. तिथं काय टिकेल हे अजून समजलेलं नाही, यंदा वाळा दाट लावून बघणार आहे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट दाबून ठेवली तर ते खोटं होईल. पंचगंगा म्हशींमुळं घाण झालेली नाही. शहरातून जयंती नाल्यानं काय काय नदीत येतं ते रोज पुलावरून दिसतं. कारखान्यांचं आणि गावागावांचं पाणी आहे, दोन्ही काठांच्या उसातून वाहून येणारं खत आहे. केंदाळ एवढं माजतं ते या सगळ्या खाद्यावर. त्यात शेण-मुताची भर पडते, पण ती भरच. म्हणून कुणी नदी वाचवायची म्हणजे आधी गवळ्याला हाकला असं म्हणू लागला, तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. दोनशे फुटांच्या पट्टीनं नदी शुद्ध होत नाही. पट्टीतल्या गवतात उसाच्या रानातून येणारं गढूळ पाणी थोडं थांबतं, गाळ आणि खत थोडं अडतं, कडेच्या पाण्यावर सावली पडते. एवढंच होतं. पण ते माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि नाल्याच्या तोंडाशी उभी राहून मला जे करता येत नाही, ते इथं करता येतं.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या तात्यांनी विचारलं, "वाळुंजाच्या चार फांद्या देशील काय गं?" मी चाळीस दिल्या. त्यांच्या कुंपणाला अजून उतार नाही, म्हशी आमच्याच उतारानं जातात. त्यावरून एकदा थोडी बोलाचाली झाली, मग उताराचे दगड बसवायला त्यांचाच ट्रॅक्टर आला.

आणि खंड्या आला. पट्टीच्या मधोमध काठ उभाच ठेवलाय, तिथं कुणी उतरत नाही, चढत नाही. वाळुंजाच्या फांदीवरून तो निळा बाण पाण्यात पडतो आणि वर येऊन काठाच्या मातीत पाडलेल्या भोकात शिरतो. पिलं करतो तिथं. आधी त्या मातीत भोक पडलं की आठवड्याच्या आत खुरानं बुजायचं. चांदी आता म्हातारी झालीय. उतारावर मागं राहते, आत्ती तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्या चालीनं उतरतात.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्गे निघाले तसं आम्ही दोघी तारा सोडायला गेलो. मी आकड्यातून तार काढायची, आत्ती गुंडाळी करायच्या. त्यांची बोटं आता वाकडी झालीत, पण गुंडाळी माझ्यापेक्षा गोल होते. शेवटच्या खांबाशी आल्यावर त्या थांबल्या, उसाकडं बघितलं. खोडवा निघालेलं रान मोकळं होतं, नवी लागण अजून व्हायची होती. त्यांनी वाळुंजाची एक वाळकी काठी उचलली, साडेचार फूट आत चालत गेल्या आणि ती मातीत खोचली.

"मामाला मी सांगतो," त्या म्हणाल्या. "दिवाळीला तार हितनं वढ."